११२१ क्यूबिटची चिप असताना भारतात १५६ वाली का येतेय? उत्तर 'क्रॉस कनेक्शन'मध्ये आहे

मे २०२५ मध्ये एक बातमी आली. आंध्र प्रदेशातल्या अमरावतीत 'क्वांटम व्हॅली' उभी राहणार, तिथं आयबीएमचा 'क्वांटम सिस्टीम टू' बसणार, सोबत आपली मुंबईची टीसीएस असणार आणि हा देशातला सगळ्यात मोठा क्वांटम कॉम्प्युटर असणार. आत चिप कोणती? 'हेरॉन'. क्यूबिट १५६.

आता फोन हातात आहेच, तर जरा शोधून बघा. डिसेंबर २०२३ मध्ये याच आयबीएमनं 'कॉन्डोर' नावाची चिप जाहीर केली होती. क्यूबिट ११२१.

हे दोन आकडे शेजारी ठेवले की डोक्यात पहिली शंका तीच येते जी माझ्या आली. त्यांच्याकडे हजाराच्या वरची चिप दीड वर्ष आधीपासून आहे आणि आपल्याला दीडशेवाली देतायत? म्हणजे पाहुण्यांना नवीन कपबशी आणि आपल्याला कान तुटलेली?

तर तसं नाहीये. गंमत अशी की ज्या दिवशी कॉन्डोर जाहीर झाली त्याच दिवशी आयबीएमनं हेरॉनही जाहीर केली. तेव्हा ती १३३ क्यूबिटची होती, १५६ वाली तिची पुढची आवृत्ती. आणि न्यूयॉर्क राज्यातल्या यॉर्कटाउन हाइट्सला कंपनीनं स्वतःचा पहिला सिस्टीम टू सुरू केला तेव्हा त्यात कॉन्डोर बसवली नाही. तीन हेरॉन बसवल्या.

स्वतःची हजारी बाजूला ठेवून कुणी शे-सव्वाशेचं घोडं का पुढे करेल? याचं मोठं कारण एका अशा भानगडीत आहे जी आपल्या आज्ज्यांना चांगली ठाऊक होती.

'कोण बोलतंय हो मध्ये?'

मी शाळेत असताना आमच्याकडे लँडलाइन होता. आजी मामाशी बोलत असली की मधूनच रिसीव्हर कानापासून लांब धरून ओरडायची, "कोण बोलतंय हो मध्ये? ठेवा बघू फोन!" कुणा तिसऱ्याच घरातलं बोलणं तिच्या लाइनवर यायचं. याला सगळे 'क्रॉस कनेक्शन' म्हणायचे.

त्याची कारणं बरीच असायची. कधी केबलमध्ये पाणी शिरलेलं, कधी एक्स्चेंजमध्ये गडबड. पण मागून पुसटसा, विहिरीतून आल्यासारखा आवाज येतो ना, त्यामागचं एक कारण वेगळं होतं. दोन तारा एकमेकींना कुठंही चिकटलेल्या नसतात, तरी एकीतलं बोलणं दुसरीत उतरतं. इंजिनिअर याला 'क्रॉसटॉक' म्हणतात किंवा नुसतं 'कपलिंग'.

चिकटलेल्या नसताना कसं उतरतं? कारण आपण शाळेत तार म्हणजे पाण्याचा पाइप असं चित्र डोक्यात बसवून घेतलेलं असतं. सिग्नल पाइपच्या आतून वाहतो, बाहेर एक थेंब नाही. प्रत्यक्षात सिग्नलची ऊर्जा तारेच्या भोवतीच्या विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रातून पुढे सरकते. तार फक्त तिला वाट दाखवते. त्यामुळे शेजारून दुसरी तार जात असेल तर ती या क्षेत्रात आपोआपच उभी असते. चाळीच्या गॅलरीत एका घरी फोडणी पडली की वास शेजारी जाणारच, भिंत कितीही पक्की असू दे.

यावरचा पहिला भारी उपाय टेलिफोनच्या जनकानंच काढला. १८८१ मध्ये अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी जाण्या-येण्याच्या दोन तारा एकमेकींभोवती पिळून घेण्याचं पेटंट घेतलं. पिळल्यामुळे शेजारच्या लाइनचा त्रास दोन्ही तारांना आळीपाळीनं सारखाच होतो आणि शेवटी एकातून दुसरा वजा होऊन जातो. इंटरनेटची लॅन केबल कापून बघितली तर आत आजही पिळलेल्या जोड्याच दिसतील.

हा 'वजाबाकी' शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

चिपवर तार पिळता येत नाही

टेलिफोनवरचं बोलणं काही हजार हर्ट्झचं. ५जी, गाडीतलं रडार, लढाऊ विमानातलं रडार आणि क्वांटम चिप यांचं काम मात्र गिगाहर्ट्झमध्ये चालतं, म्हणजे सेकंदाला अब्जावधी हेलकावे. या पट्ट्याला मायक्रोवेव्ह म्हणतात आणि त्यात दोन गोष्टी एकदम बिघडतात.

एक, हेलकावे जितके जलद तितकं दोन तारांमधल्या फटीतून पलीकडे जाणं सोपं. कमी वेगाच्या सिग्नलला जी फट भिंत वाटते, तीच जलद सिग्नलला अर्धवट उघडं दार वाटते. दुसरं म्हणजे लांबी. ७७ गिगाहर्ट्झच्या कार रडारची लहर हवेत सुमारे ४ मिलिमीटरची. चिपच्या आत, सिलिकॉन किंवा गॅलियम आर्सेनाइडवर, ती आणखी आखूड होते. म्हणजे दोन-तीन मिलिमीटरची साधी धातूची पट्टीसुद्धा आता 'तार' राहत नाही, तिचा अँटेना होतो.

या पट्ट्या अगदी छापल्यासारख्या सपाट असतात. १९५२ मध्ये अमेरिकेतल्या एका टेलिकॉम प्रयोगशाळेतून आलेल्या या प्रकाराला 'मायक्रोस्ट्रिप' म्हणतात. वर धातूची पट्टी, मध्ये पातळ थर, खाली जमिनीला जोडलेला धातूचा पत्रा. या खालच्या पत्र्याला 'ग्राउंड' म्हणतात. स्वस्त, सुटसुटीत, पण वरून उघडी.

मग करायचं काय? सगळ्यात साधा उपाय म्हणजे अंतर. पट्टी आणि ग्राउंड यांच्यामध्ये जेवढी जाडी, तिच्या निदान तिप्पट अंतरावर दुसरी पट्टी ठेवा, असा एक ढोबळ हिशोब डिझायनर धरतात. याच हिशोबाची उलटी बाजू अशी की मधली जाडीच कमी केली तर पट्ट्या जवळ आणता येतात. म्हणून मायक्रोवेव्ह चिपची चकती मागून घासून घासून साधारण १०० मायक्रॉनपर्यंत, म्हणजे केसाच्या जाडीइतकी पातळ केली जाते. क्षेत्र खालच्या पत्र्याला बिलगून राहतं, शेजारी कमी पसरतं. पण फुकट काहीच नाही. थर पातळ केला की पट्टीही अरुंद करावी लागते आणि अरुंद पट्टीत सिग्नल जास्त वाया जातो.

आणि अंतर म्हणजे जागा. चिपच्या धंद्यात जागेला मुंबईतल्या चौरस फुटासारखा भाव असतो. एका चकतीतून जितक्या जास्त चिप निघतील तितकी एक चिप स्वस्त. त्यामुळे "जरा लांब ठेवा की" हे ऐकायला सोपं वाटलं तरी कंपनीच्या हिशोबवाल्याला ते टोचतं.

पुढचा उपाय म्हणजे कुंपण. दोन पट्ट्यांमध्ये आरपार भोकं पाडायची, त्यांच्या आत धातू भरायचा आणि ती खालच्या पत्र्याला जोडायची. अशा खांबांची रांग लावली की क्षेत्राला अडसर तयार होतो. खांब मात्र लहरीच्या मानानं दाट हवेत. विरळ लावले तर कुंपण असून नसल्यासारखं.

इथे एक मजेशीर घोळ होतो. काही जण खांब न लावता मध्ये नुसती एक मोकळी पट्टी टाकतात, वाटतं ती आड येईल. पण ती नीट ग्राउंड केली नसेल आणि तिची लांबी नेमकी लहरीच्या अर्ध्याएवढी भरली, तर ती स्वतःच घुमायला लागते. या बाजूचं ऐकून त्या बाजूला आणखी जोरात सांगते. भांडण मिटवायला मध्यस्थ बोलावला आणि तोच चुगल्या करायला लागला, तसली गत.

सतारीच्या तरफेच्या तारा आठवा. वाजवणारा त्यांना हात लावत नाही, पण वरच्या तारेवर जुळणारा सूर लागला की त्या आपोआप झंकारतात. मिरजेतल्या कारागिरांना जे मुद्दाम हवं असतं तेच मायक्रोवेव्ह डिझायनरला नको असतं. आणि त्याच्याकडे तरफ कुठून निघेल याचा भरवसा नाही. मोकळी पट्टी निघते, चिपवर बसवलेलं धातूचं झाकणही निघतं. उघड्यावर छान चालणारी चिप झाकण लावल्यावर बिघडते, कारण आतली पोकळी खोलीसारखी घुमते. मग झाकणाला आतून लहर शोषून घेणारा थर चिकटवावा लागतो.

बिघडलं तर नेमकं काय होतं?

गणपतीच्या मंडपात निवेदक माईक घेऊन स्पीकरसमोर येतो आणि कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजते. स्पीकरचा आवाज माईकमध्ये, माईकचा पुन्हा स्पीकरमध्ये. मायक्रोवेव्ह अँप्लिफायरमध्ये अगदी हेच होतं. समजा तो सिग्नलची ताकद १००० पट वाढवतो. त्याच्या बाहेरच्या टोकाची हजारातल्या एका भागाहून जास्त ताकद आतल्या टोकाकडे परत झिरपली, तर चिप सिग्नल वाढवायचं सोडून स्वतःच शिट्टी मारत बसू शकते. अशी चिप कचऱ्यात जाते.

लढाऊ विमानांच्या आधुनिक रडारमध्ये एका अँटेनामागे असे शेकडो छोटे मॉड्यूल शेजारी-शेजारी असतात. प्रत्येक जण जोरात पाठवतो आणि तोच परत येणारा अतिशय क्षीण प्रतिध्वनी ऐकतो. पाठवलेल्या आणि ऐकलेल्या ताकदीत कोट्यवधी पटींचा फरक. तिथं शेजाऱ्याची थोडीशी कुजबुजही शत्रूच्या विमानासारखी दिसू शकते. डीआरडीओनं नोव्हेंबर २०२४ मध्ये गॅलियम नायट्राइडच्या ४० वॅटपर्यंतच्या मायक्रोवेव्ह चिप देशात बनवण्याची प्रक्रिया विकसित केल्याचं सांगितलं, तेव्हा बातम्यांमध्ये वॅटचा आकडाच होता. ताकद वाढली की शेजाऱ्यांना होणारा त्रासही त्याच पटीत वाढतो, हे त्यात नव्हतं.

आता क्वांटमकडे

खरं सांगते, क्वांटम म्हटलं की मीही आधी पानच उलटायचे. मास कॉमवाल्या पोरीनं बारावीनंतर फिजिक्सशी काडीमोड घेतलेला. पण आयबीएम आणि गुगल ज्या प्रकारचे क्यूबिट वापरतात ते आतून बघितले तर निघतात मायक्रोवेव्ह सर्किटच. धातूच्या पट्ट्या, मध्ये फटी आणि ५ गिगाहर्ट्झच्या आसपासचे सिग्नल. फरक इतकाच की सगळं शून्याखाली २७३ अंशांजवळ थंड केलेलं असतं, म्हणजे धातूचा विद्युत रोध उरत नाही.

७ ऑक्टोबर २०२५ ला भौतिकशास्त्राचं नोबेल जॉन क्लार्क, मिशेल देवोरे आणि जॉन मार्टिनिस यांना जाहीर झालं, ते याच प्रकारच्या सर्किटवर त्यांनी १९८४-८५ मध्ये बर्कलीत केलेल्या प्रयोगांसाठी. त्या प्रयोगांतलं एक जिकिरीचं काम होतं बाहेरून तारांवाटे उतरणारा मायक्रोवेव्ह गोंगाट अडवणं. त्यासाठी त्यांनी तांब्याची भुकटी भरलेले फिल्टर बनवले. नोबेलच्या बातम्यांमध्ये ही भुकटी कुठं फारशी दिसली नाही, पण ती नसती तर मोजायचं ते गोंगाटातच बुडालं असतं.

क्वांटम चिपवर पट्ट्या थोड्या वेगळ्या असतात. मधोमध सिग्नलची पट्टी, दोन्ही बाजूंना ग्राउंड, सगळं एकाच पातळीवर. ही रचना १९६९ मध्ये चेंग वेन यांनी मांडली. ग्राउंड शेजारीच असल्यानं क्षेत्र बरंचसं फटीत अडकून राहतं, हा फायदा. पण डावी आणि उजवी जमीन वेगळी-वेगळी हेलकावे घ्यायला लागली की नवाच आगंतुक सिग्नल तयार होतो आणि भटकत सुटतो. म्हणून या पट्टीवरून ठरावीक अंतरावर अॅल्युमिनियमचे सूक्ष्म पूल बांधून दोन्ही ग्राउंड जोडतात. सूक्ष्मदर्शकाखाली हे ओढ्यावरच्या साकवासारखे दिसतात.

शिवाय चिपची चकतीच घुमू शकते. चारी बाजूंनी धातू असलेला १ सेंटिमीटर बाजूचा सिलिकॉनचा चौरस घेतला तर गणितानं तो साधारण ६ गिगाहर्ट्झला घुमतो. म्हणजे नेमका क्यूबिट जिथं काम करतात त्याच पट्ट्यात. आणि चिप मोठी केली की हा आकडा आणखी खाली येतो. जास्त क्यूबिट हवेत म्हणून चिप मोठी करावी, तर चिपच तरफ बनते. मग पुन्हा सिलिकॉनमधून आरपार धातूचे खांब घालून एका मोठ्या खोलीच्या लहान-लहान खोल्या कराव्या लागतात.

एवढं करूनही खरी अडचण उरतेच. शेजारच्या दोन क्यूबिटना एकमेकांशी बोलता आलंच पाहिजे, नाहीतर गणित होणार कसं? पण फक्त सांगू तेव्हा. जुन्या रचनेत, उदाहरणार्थ आयबीएमच्या २०२१ च्या १२७ क्यूबिटच्या 'ईगल'मध्ये, शेजाऱ्यांमधला दुवा कायमचा जोडलेला होता. त्यामुळे काम नसतानाही शेजारी शून्यावर आहे की एकवर, यावरून आपला सूर किंचित सरकत राहायचा. रेडिओवर शेजारचं स्टेशन आलं तर आपण बोलणं समजून घेतो. क्वांटम गणितात तो सूर हलला की उत्तरच हळूहळू चुकत जातं. म्हणून शेजाऱ्यांचे सूर मुद्दाम वेगवेगळे ठेवायचे आणि प्रत्येकाला शेजारी दोन किंवा तीनच द्यायचे, असे उपाय झाले. पण पट्टा तेवढाच आणि गर्दी वाढत गेलेली.

हेरॉनची वजाबाकी

कॉन्डोरनं गर्दीचा विक्रम केला. एका फ्रीजमध्ये मैलभराहून जास्त, म्हणजे दीड किलोमीटरपेक्षा अधिक वायरिंग बसवून दाखवलं. इंजिनिअरिंग म्हणून ते कौतुकाचंच आहे. पण आयबीएमनंच सांगितलं की तिची कामगिरी आधीच्या ४३३ क्यूबिटच्या 'ऑस्प्रे'च्या जवळपास आहे. क्यूबिट अडीचपट आणि दर्जा जवळपास तोच.

हेरॉनमध्ये दोन क्यूबिटच्या मध्ये एक तिसरं छोटं सर्किट बसवलं, 'ट्यूनेबल कपलर'. आता एका क्यूबिटचा प्रभाव दुसऱ्यापर्यंत दोन वाटांनी पोचतो, एक थेट आणि एक कपलरमधून. कपलर असा जुळवता येतो की दोन्ही वाटांचा परिणाम एकमेकांच्या उलटा पडतो आणि बाकी जवळपास शून्य उरते. नॉइज कॅन्सलिंग हेडफोन ट्रेनचा आवाज जसा उलट आवाजानं मारतो, तसंच. बोलायची वेळ आली की कपलर सरकवायचा, काम झालं की परत शून्यावर. गुगलनंही २०१९ च्या 'सिकॅमोर' चिपमध्ये असेच कपलर वापरले होते.

अंतर आणि कुंपण यांनी न सुटलेली गोष्ट इथं वजाबाकीनं सुटली, १८८१ च्या पिळलेल्या तारेसारखी. आयबीएमच्या सांगण्यानुसार हेरॉनमध्ये क्रॉसटॉक जवळपास संपला आणि ईगलच्या तुलनेत चुकांमध्ये पाचपटीपर्यंत सुधारणा झाली. हा कंपनीचा स्वतःचा दावा आहे हे धरूनच वाचा. पण कंपनीचं पुढचं पाऊल त्याच दिशेनं पडलं, हे दिसतंय. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यांनी 'नाइटहॉक' जाहीर केली. क्यूबिट १२०, म्हणजे हेरॉनपेक्षाही कमी. कपलर मात्र २१८, हेरॉनपेक्षा २० टक्क्यांहून जास्त.

म्हणजे अमरावतीला कान तुटलेली कपबशी मिळत नाहीये. ती शंका सोडून द्या.

पण दुसरी शंका मला सोडवत नाही. मशीन आपल्याकडे बसेल, आपले विद्यार्थी आणि कंपन्या त्यावर प्रोग्रॅम चालवतील, हे चांगलंच. फक्त ते कपलर कसे जुळवायचे, पूल कुठं बांधायचे, खांब किती दाट लावायचे हे शहाणपण चिपसोबत पेटीत बसून येत नाही. ते स्वतःच्या चार चिप बिघडवूनच येतं.

तसं काम देशात चालू आहे आणि त्यातलं एक महत्त्वाचं आपल्या मुंबईतच. ऑगस्ट २०२४ मध्ये कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये ६ क्यूबिटच्या प्रोसेसरची सुरुवातीपासून शेवटपर्यंत चाचणी पूर्ण झाली. क्यूबिटचं डिझाइन आणि निर्मिती टीआयएफआरची, नियंत्रणाची यंत्रणा पुण्याच्या डीआरडीओच्या तरुण शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेची, क्लाउडवरून चालवायची सोय टीसीएसची. क्यूबिट जोडायला त्यांनी टीआयएफआरमध्येच शोधलेली गोल कड्याची रचना वापरली. म्हणजे कुणी कुणाशी बोलायचं हा प्रश्न त्यांनी स्वतःच्या डोक्यानं सोडवायला घेतलाय. मायक्रोवेव्हचा वारसाही इथं जुना आहे. पवईच्या आयआयटीच्या आवारातली 'समीर' ही संस्था टीआयएफआरच्याच एका मायक्रोवेव्ह विभागातून १९८४ मध्ये उभी राहिली.

६ विरुद्ध १५६ हा आकडा बघून हसू येऊ शकतं. मला आता येत नाही.

केंद्राच्या ६००३.६५ कोटींच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनमध्ये २०३०-३१ पर्यंत ५० ते १००० क्यूबिटचं उद्दिष्ट लिहिलेलं आहे. एखाद्या दिवशी "भारतानं इतक्या क्यूबिटचा टप्पा गाठला" असं मोठं ग्राफिक आपल्या सगळ्यांच्या फीडमध्ये येईल, कदाचित मीच ते बनवेन. तेव्हा पत्रकार परिषदेत मला एकच गोष्ट विचारायची आहे. एक-एक जोडी वेगळी चालवल्यावर किती चुका होतात, आणि सगळ्या जोड्या एकाच वेळी चालवल्यावर किती? शेजारी एकमेकांचं किती ऐकतायत, ते या दोन उत्तरांमधल्या फरकातच दिसतं.